'द' कुठे लागतो

२ जुलै
घात झाला! इंग्रजीचे सर बदलून गेले आणि आठवीचं इंग्रजी माझ्या गळ्यात. मुख्याध्यापक कृष्णराव म्हणाले, "इतिहास काय अन् इंग्रजी काय, दोन्हीत इंग्रजच हायेत ना!" तेवीस वर्षं वर्गातून दरवर्षी इंग्रजांना हाकललं. आता परत आले.

९ जुलै
आज इंग्रजीतला 'द' (the) शिकवला. सूर्य एकच, चंद्र एकच, म्हणून त्यांना द — इथवर गाडी नीट. तेवढ्यात पुढच्या बाकावरची गुड्डी उठली, "सर, वैनगंगेले द लागते, मंग भंडाऱ्याले काहून नाही लागत?"
मला काय माहीत! चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणालो, "छान प्रश्न. उद्या सगळ्यांनी घरून उत्तर शोधून आणा." अब्रू वाचली.

१० जुलै
आणलं की! नद्यांना द, गावांना नाही. मी अशी मान डोलावली, जणू बारशालाच शिकलो होतो.

२१ ऑगस्ट
आपल्याला येत नाही ते गृहपाठाला द्यायचं — हा माझा शोध! रुखमाला कौतुकाने सांगितला. "पोट्ट्यायले शिकवून राहिले का पोट्ट्यायजवळून शिकून राहिले?" बायकोला सगळं सांगू नये.
गाईड आणलंय. उघडलं की झोप येते. वाक्यात द मिठासारखा अंदाजाने टाकतो.

३० ऑक्टोबर
काल गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. नाटकाला यंदाही मीच प्रॉम्प्टर. पडद्याआडून मी ओठ न हलवता सांगायचं, नायकाने छाती काढून तेच ओरडायचं. नायक झालेल्या भैय्यालालला चार ओळी पाठ नव्हत्या, टाळ्या मात्र त्यालाच! अख्खी आठवी अगदी पुढे बसलेली, पण नायक सोडून फटीतून माझ्याकडेच बघत होती. पोरांना नाटक कळत नाही.

११ नोव्हेंबर
परवा शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार. इंग्रजी तपासून ठरवणार, आठवी इथे ठेवायची की दूरच्या शाळेला जोडायची. गुड्डीचा बाप दारात येऊन सांगून गेला, "दूर गेली शाळा, तं पोरगी घरीच राहीन, सर."
जेवण गेलं नाही. गंमत बाजूला — मला भीती वाटते आहे.

१३ नोव्हेंबर
साहेब मागच्या बाकावर बसले. "द कुठे लागत नाही, तेवढं समजावून सांगा." मला! पोरांना नाही, मला!
हातात खडू, डोकं रिकामं. चष्म्याकडे हात गेला. आणि पुढच्या बाकावरून अगदी हळू आवाज आला, "जेवनाच्या नावाले नाही..." गुड्डीचे ओठ हलतसुद्धा नव्हते! मी छाती काढून ओरडलो. मग खिडकीकडून, "खेळाच्या नावाले..." मग दुसरीकडून, "भाषेले..." साहेबांना पोरांचा एक शब्दही ऐकू गेला नाही. मी भैय्यालालपेक्षा बरा वठलो. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.
आठवी राहिली!

१४ नोव्हेंबर
गुड्डीला विचारलं, एवढं सगळं पाठ केलं कधी?
"जुलैपासूनच, सर. तुमाले येत नाही, हे पयल्याच दिवशी समजलं होतं. मंग आमी ठरवलं, सर अडकले तं आपून सांगाचं."
चष्मा काढला. या वेळी खरंच पुसावा लागला.