कापलेला कोपरा

२३ ऑगस्ट २००१

इंटरनेटवर टाकलेला फोटो कुणाचा असतो? मला नाही सांगता येत. कालपर्यंत वाटत होतं, येतं!

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत यंदा फोटोंचं प्रदर्शन आहे. दाराशीच फ्रेममध्ये माझा फोटो! भैरवगढ़चे रशीदचाचा चादरीवर ठप्पा मारतायत, बोटं निळीशार, मनगटावरची शीर ताणलेली. देवास गेटच्या सायबर कॅफेत बसून जूनमध्ये मीच तो वेबसाइटवर चढवला होता. खाली पिवळ्या अक्षरांत नाव टाकलं होतं — सुलभा निकम. ती पट्टीच कापून टाकलेली. आणि फ्रेमखाली चिठ्ठी : छाया — श्रीपाद मुळे. म्हणजे आमचे सचिव, श्रीपादकाका!

विचारलं तर हसले. "अगं सुलू, नेट म्हणजे महाकालचा प्रसाद. हात पुढे करेल त्याचा."

"प्रसाद घेणारा देवाचं नाव पुसत नाही, काका."

आजूबाजूचे हसले. काका नाही.

२४ ऑगस्ट

आज कळलं — हाच फोटो मंडळाच्या नव्या कॅलेंडरवर जाणार. गणपती उठले की छपाई. काकांच्या नावानं, सगळ्या मराठी घरांत, वर्षभर!

बापू म्हणाले, जाऊ दे. बँकेत शिपाई म्हणून त्यांना चिकटवलं ते श्रीपादकाकांनीच. "एक फोटोच तर आहे, बेटा."

फोटोच! घरात पहिली मी बी.ए. झाले तेव्हा मार्कशीटवरच्या माझ्या नावावरून चारदा बोट फिरवणारे हेच बापू. तेही नावच होतं ना? तसं मी त्यांच्या तोंडावर म्हणाले. फार बोलले. पण मागे घेणार नाही.

२५ ऑगस्ट

सकाळी चहाच्या कपाशेजारी निगेटिव्हचं पाकीट. बापूंनी कपाटातून काढून ठेवलेलं. "अध्यक्षांकडे रिकाम्या हातानं जाऊ नको" — एवढंच बोलून ड्यूटीवर गेले.

२६ ऑगस्ट

माधव नगरला वासंतीताईंकडे गेले. शाळेतून रिटायर झाल्या, आता मंडळाच्या अध्यक्ष. त्यांनी काकांनाही बोलावून घेतलं. ताईंनी निगेटिव्हची पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. बावीस नंबरला तोच फोटो — अख्खा. मागचे-पुढचे फोटोही चाचांचेच.

"श्रीपाद, तुमची निगेटिव्ह कुठाय?"

"आता डिजिटल जमाना आहे, ताई—"

"जमाना राहू द्या. निगेटिव्ह?"

नव्हतीच!

ताई म्हणाल्या, कॅलेंडरवर सुलूचं नाव जाईल. फोटो तीच प्रेसला नेऊन देईल. मग पुन्हा पट्टीकडे बघत, "या कोपऱ्यात काय आहे गं?"

"रंगाचा डाग, ताई. नेटवर टाकताना कापला मी."

जिना उतरताना काका म्हणाले, "बापूला सांग, मुलगी जास्तच शिकली." सांगितलं. बापू किती वेळ हसत होते!

२८ ऑगस्ट

भैरवगढ़ला गेले होते. नेटवरच्या फोटोची एक प्रत घेऊन, जिंकल्याची बातमी सांगायला. चाचांनी हात पुसून फोटो धरला. मग कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"मछली कहाँ गई?"

कोणती मछली? त्यांनी डब्यातून एक छोटा ठप्पा काढला. नखाएवढी मासळी. त्यांच्या अब्बांनी कोरलेली. नवी चादर घेतली की आधी कोपऱ्यात ती एकदा उमटवायची, मग बाकीचं काम. बाजारात चादर कुठेही जावो, कुणाच्या हातची ते कळतं.

माझा डाग!

मग सगळं सांगितलं. काकांनी माझं नाव कसं कापलं, मी कशी भांडले. चाचा पोट धरून हसले. "तो काकाजी ने तुम्हीं से सीखा, बिटिया!"

मला हसू आलं नाही. वेबसाइटवर फोटोखाली मी काय लिहिलं होतं? "भैरवगढ़चा एक कारागीर." दहा वेळा त्यांच्याकडे चहा प्यायले, आणि एक कारागीर!

काकांशी भांडले ते बरोबरच होतं. पुन्हा भांडेन. पण अर्धंच भांडले.

३० ऑगस्ट

वेबसाइटवरचा कापलेला फोटो सकाळी काढून टाकला. प्रेसला अख्खा दिला, मासळीसकट. खाली दोन नावं. माझं दुसरं.