अक्रोडाखालचा हद्दीचा दगड

मी, आन्सेल्म रुक्वेत, वय चौपन्न, राहणार मोंफ्रेझाल, चर्चच्या मागे, पूर्ण शुद्धीत आहे. बिघडले आहे ते हृदय, डोके नव्हे. सोमवारी शस्त्रक्रिया आहे. वकिलांच्या कचेरीतून गोष्टी पाझरतात, म्हणून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. स्वहस्ते लिहिल्यास कायदा साक्षीदार मागत नाही. मी मागतो.

एक. घर, तळघर आणि मागची बाग माझी भाची सोलांज हिला. किल्ल्या तीन आहेत. कोणी चौथी दाखवली, तर ती कधी बनवून घेतली ते आधी विचारावे.

दोन. भूमापनाची अकरा पुस्तके आणि दहा मीटरची लोखंडी साखळीही तिलाच. शाळा मी बाराव्या वर्षी सोडली. मोजणी या पुस्तकांवरून शिकलो. साखळीला वापरानंतर तेल लावावे.

तीन. अक्रोडाचे शेत सोलांजला. दस्तात त्याची रुंदी एक्कावन्न मीटर आहे. १९६५ साली मी मोजली, पन्नास भरली. शेजारी ओक्ताव्ह पुजोल याने हद्दीचा दगड मीटरभर आत सरकवला. मी तसे बोलून दाखवल्यावर तो भर चौकात म्हणाला, "अरे आन्सेल्म, दगडाला काय पाय असतात?" मी म्हटले, "दगडाला नसतात. तुला आहेत." तेव्हापासून सां-रोकच्या जत्रेत गावजेवणाला आम्ही टेबलाच्या दोन टोकांना बसतो, आणि कोणत्या टोकाला बसायचे हे गावातल्या प्रत्येकाला ठरवावे लागते. सोलांजने त्याच्यावर दावा लावावा.

हद्दीचा दगड रोवताना आमच्याकडे एक कौल फोडून तुकडे खाली पुरतात, म्हणजे दगड हलला तर कळते. एक तुकडा जुळवून बघायला घरी ठेवतात; आमचा माझ्या वडिलांनी कपाटात ठेवलेला आहे. "उकरून बघू," असे ओक्ताव्ह दरवर्षी म्हणतो. जो स्वतःहून झडती द्यायला येतो, त्याने आधीच आवराआवर केलेली असते.

चार. वरील कलम वाचून दाखवले, तेव्हा सोलांज म्हणाली, "मामा, कोर्टाच्या पायऱ्या मी झिजवायच्या, तर दगड आधी तुम्ही उकरा ना!" काल सकाळी ओक्ताव्हसमोर उकरला. खाली दोन तुकडे निघाले. आमचा तिसरा त्यांना चपखल बसला.

मी म्हटले, "तुकडेही सरकवता येतात."

"येतात की. आणि हे?" ओक्ताव्हने बोट दाखवले.

अक्रोडाचे अंगठ्याएवढे मूळ दोन्ही तुकड्यांना वेढून जमिनीत गेले होते. मूळ सरकवता येत नाही.

मग साखळीच्या कड्या मोजल्या. पन्नास हव्यात. एक्कावन्न आहेत. साखळी मी जुनी घेतली होती; तिच्या आधीच्या मालकाने दुरुस्तीत एक जास्तीची घातली असावी. दर दहा मीटरला वीस सेंटिमीटर, म्हणजे पन्नासाला पुरा एक मीटर. बावीस वर्षे मी तिला तेल लावले, कड्या मोजल्या नाहीत.

सबब दावा रद्द. कलम तीन खोडत नाही. खाडाखोड दिसली की कोणालाही संशय येतो. साखळी सोलांजला नको, ओक्ताव्हला द्यावी. पुढच्या सां-रोकला मी त्याच्या शेजारी बसेन. मी नसलो, तर सोलांजने बसावे.

हे सगळे वाचून ओक्ताव्ह हसला नाही. त्याचाही मला संशय येतो.

मोंफ्रेझाल, १४ ऑक्टोबर १९८७

(सही) आन्सेल्म रुक्वेत

साक्षीदार:
एलोई काँब, पाववाला
ओक्ताव्ह पुजोल, शेजारी. कड्या मी पुन्हा मोजल्या. एक्कावन्नच आहेत.