शोभाताईंच्या नंबरवर अकरा जणी

४ सप्टेंबर
ॲप पुन्हा नवीन आलं. जुनं कुठं नीट चालायला लागलं होतं, बहुतेक म्हणूनच. आज उपकेंद्रात सतरा बायका तपासल्या, टॅबवर चढल्या नऊ. एका बाईची चार पानं. चौथ्या पानावर ते गोल फिरायला लागलं की पुन्हा पहिल्यापासून. नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर. एकोणीस वर्षं नर्सबाई म्हणून काढली आणि आता रोज संध्याकाळी टाकीवर चढून बसते. गावातले लोक काही विचारतही नाहीत.

वंदना आली होती. वय बावीस, पाचवा महिना. पहिल्या वेळी बाळंतपणात खूप रक्त गेलं, बाळही राहिलं नाही. पापणी ओढून पाहिली तर पांढरीफटक. हिमोग्लोबिन ६.४. विश्वास बसेना म्हणून परत केलं. तेवढंच.

"गोळ्या खाते का?"
"खाल्ल्या का मयमयते, सिस्टर. उलटी होते."

हिला लोहाची इंजेक्शनं लागणार, सलाईनमधून, एक दिवसाआड, पाच तरी. आणि दिवाळीच्या सुमारास ही नवऱ्यासोबत ऊसतोडीला जाणार. म्हणजे हातात फार तर दोन महिने.

५ सप्टेंबर
आरोग्य केंद्रात डॉ. साहेबांना फोन. इंजेक्शनं संपलीत. तालुक्याहून येतात ती ॲपमधली जोखमीच्या मातांची यादी बघून. "तिचं नाव लाल यादीत दिसू द्या सिस्टर, पुढचं मी बघतो."

नोंद केली. मोबाइल नंबर टाकल्याशिवाय पान हलत नाही. वंदनाकडे फोन नाही. नवऱ्याचा, गजाननचा, साधा फोन आहे, पण तो त्याच्या खिशात आणि तो फवारणीला शिवारात. मग नेहमीचंच, शोभाताईंचा नंबर टाकला. शोभाताई म्हणजे आमच्या आशा. ज्या बाईला फोन नाही तिला त्यांचा नंबर, हा आमचा जुना रिवाज. ओटीपी त्यांच्या फोनवर येतो, त्या तिथूनच ओरडून आकडे सांगतात, पान पुढे जातं. वंदना धरून अकरा जणी झाल्या त्या नंबरवर.

नाव लाल झालं. बरं वाटलं.

१२ सप्टेंबर
कॉल सेंटरवरून शोभाताईंना फोन आला. "ताई, पोटात बाळाची हालचाल जाणवते का?" शोभाताई सत्तेचाळीसच्या, नातू अंगणवाडीत.
"म्या म्हटलं, हलते न बाई, अकरा ठिकाणी हलते!"
हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी. लस टोचून घ्यायला आलेली पोरंही रडायची थांबली.

२६ सप्टेंबर
हसू अंगाशी आलं.

वरून दुहेरी नोंदी साफ केल्या म्हणे. एक नंबर, एक लाभार्थी. सकाळी यादी उघडली तर अकरा बायकांची एकच बाई झालेली. नाव शबानाचं, कारण ती सगळ्यांत आधी नोंदवलेली. शबाना, चक्कीवाल्यांची सून, महिन्यापूर्वी बाळंत झाली, हिमोग्लोबिन ११, सगळं छान. त्यामुळे माझी लाल यादी रिकामी. ग्रुपवर उपकेंद्राचं अभिनंदन, जोखमीच्या माता शून्य.

वंदनाची नव्यानं नोंद करायला बसले. आधार टाकलं. "लाभार्थी अस्तित्वात आहे. स्थिती : प्रसूती पूर्ण."

तो नंबर मी टाकला होता. सगळीकडे असंच चालतं, हे खरं. पण वंदनाच्या पानावर टाकणारी बोटं माझीच.

३० सप्टेंबर
तालुक्याला जाऊन तक्रार दिली. ऑपरेटर म्हणाला, "म्याडम, मले निस्तं पाह्यता येते. बदलते तिकडून, वरून." वरून म्हणजे कुठून, हे त्यालाही ठाऊक नाही. तक्रार क्रमांक मिळाला. कामकाजाचे सात दिवस.

डॉ. साहेब म्हणाले, "मला वंदना माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. स्टोअरला यादीच माहीत आहे." साहेब चांगले आहेत. त्यांनीच हात वर केले तर मी कोणाकडे जाऊ?

९ ऑक्टोबर
गरोदर बायकांचा तपासणी दिवस. यादीतल्या बायकांना आरोग्य केंद्रात न्यायला गाडी येते. यादीत कोणी नाही, म्हणून गाडी नाही. वंदना सोयाबीनची सोंगणी सोडून नऊपासून पायरीवर बसलेली. गाडीसाठी मी तीनदा फोन लावला. एक वाजता तीच उठली. "जाऊ का सिस्टर? बाया वाट पाहून राह्यल्या वावरात."
जा म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते.

१६ ऑक्टोबर
व्हीसी, म्हणजे जिल्ह्याच्या साहेबांची व्हिडिओवरची मीटिंग. विषय प्रलंबित नोंदी. माझं नाव चांगल्यांत वाचलं. मी बोलायला लागले तर "तांत्रिक बाबी ग्रुपवर टाका." टाकलं. तिघींनी अंगठ्याचं चित्र टाकलं, एकीनं जोडलेल्या हातांचं. सात दिवस केव्हाच होऊन गेले.

२४ ऑक्टोबर
रजा टाकली आणि वंदनाला घेऊन एसटीनं वाशिम. हे मी महिन्यापूर्वीच करायला हवं होतं. यादीच्या नादात राहिले.

दवाखान्याच्या खिडकीवरच्या माणसानं आधार टाकून बघितलं. "हे तं बाळंत झाली."
वंदनाचं पोट खिडकीच्या कठड्याला टेकलेलं.
"भाऊ, जरा मान वर करून पाहा की."
"पाह्यलं न म्याडम. पण हे कम्प्युटर घेऊन नाही राह्यलं, मी काय करू?"

शेवटी आतल्या डॉक्टरबाईंनी साध्या कागदावर हातानं केसपेपर लिहिला. एक सलाईन लागलं. वंदना पडल्या पडल्या म्हणाली, "सिस्टर, मंग माया नावावर कोणाचं लेकरू लिवलं त्यायनं?"
मी सलाईनचे थेंब मोजत राहिले. परवा दुसरं सलाईन.

२६ ऑक्टोबर
स्टँडवर थांबले. वंदना आली नाही. ऊसतोडीच्या टोळीला नेणारी मुकादमाची गाडी आज दुपारीच निघणार असं कळलं. तशीच घरी गेले. बोचकी बांधून झालेली.

गजाननला म्हटलं, दहा दिवस तरी थांब.
"मी एकटा जाऊन काय करू? कोयता म्हणजे जोडी, सिस्टर. आन् हिले इथं कोणापाशी ठेवू?" माणूस वाईट नाही. मग त्यानंच विचारलं, "तिकडच्या दवाखान्यात कम्प्युटरमंदी दिसन न हिचं सारं?"

बाई कुठंही गेली तरी तिची नोंद सोबत जाते, हे ग्रामसभेत उभं राहून मीच सांगितलं होतं. टाळ्या पडल्या होत्या.

तिच्या कार्डावर लाल पेनानं मोठ्या अक्षरांत लिहिलं : हिमोग्लोबिन ६.४. सलाईन एक झालं, चार बाकी. मागच्या वेळी जास्त रक्तस्राव. प्लॅस्टिकच्या थैलीत घालून दिलं. "हे सोडू नको. दवाखान्यात पहिलं हे दाखव."
"हो न." गाडीवर चढताना तिनं थैली छातीशी धरली होती.

१८ नोव्हेंबर
तक्रार निकाली! अकराही नोंदी पुन्हा सुट्या झाल्या. वंदना परत आली. म्हणजे तिची नोंद. लाल. फक्त नंबर शोभाताईंचाच. बदलायचा तर बाई समोर हवी. तिकडच्या दवाखान्यानं नोंद उघडायची म्हटली तरी ओटीपी इथं, शोभाताईंच्या फोनवर येणार. त्यांना बजावलं, फोन क्षणभर दूर ठेवायचा नाही.

आरोग्य केंद्रात इंजेक्शनंही आली. वंदनाच्या नावानं. डॉ. साहेबांनी खोका दाखवला आणि परत कपाटात ठेवला.

२ डिसेंबर
गजाननचा फोन बंदच. खूप खटपटीनं मुकादमाचा नंबर मिळाला. "बरी हाय. मोळ्या बांधून राह्यली. पायाले सूज हाय म्हणते." दवाखान्यात न्या म्हटलं. "पाहू." आठवा महिना.

१९ डिसेंबर
लसीकरण चालू होतं. ११.४० ला शोभाताई फोन समोर धरून आल्या. "सिस्टर, ओटीपी आला. आपण तं काहीच नाही उघडलं." नोंद पाहण्यासाठी, दहा मिनिटं वैध. कोणाची नोंद, ते लिहिलेलं नाही. बाकीच्या दहाही जणी गावातच आहेत.

मुकादमाला लावला. तिसऱ्यांदा उचलला. "पहाटीच नेलं तिले कारखान्याच्या गाडीनं. रक्त जाऊन राह्यलं होतं. गजानन संग गेला."
"कोणत्या दवाखान्यात?"
"मले काय मालूम, बाई. मी फडावर हाय."
"तिच्याजवळ थैली आहे का? कार्डाची?"
त्यानं कोणाला तरी हाक मारून विचारलं. मग, "थैली तं तिकडं खोपीतच लटकून राह्यली म्हणते."

त्याला म्हटलं, ड्रायव्हरला विचारा, गाडी कुठं नेली विचारा. हो म्हणाला. गजाननचा फोन बंद. ज्या नंबरवरून ओटीपी आला तिथं उलट फोन लागत नाही. हेल्पलाइननं तक्रार क्रमांक मागितला.

११.५२, दुसरा ओटीपी. १२.०५, तिसरा. कोणीतरी तिकडे धडपडतंय. माझ्यासारखीच कोणी सिस्टर असेल, समोर वंदना, आणि पान पुढे जात नाही. शोभाताई तिन्ही वेळा आकडे मोठ्यानं ओरडल्या, सवयीनं.

आता साडेचार झाले. मुकादमाचा फोन नाही. शोभाताई घरी गेल्या नाहीत. त्यांचा फोन चार्जिंगला लावून टेबलावर ठेवलाय आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलोय. चौथा अजून आलेला नाही.