पुठ्ठ्याचे घड्याळ

रायपूर, मंगळवार, सायंकाळ.

पहिलीच्या मुलांना वेळ शिकवता यावी म्हणून नातीने, रेवाने, पुठ्ठ्याचे घड्याळ केले होते. ते अजून माझ्या मेजावरच आहे. तिचे बी.एड. झाले, परंतु प्राथमिक वर्गांसाठी ती पदवी ग्राह्य नाही. डी.एल.एड. हवे, म्हणजे आणखी दोन वर्षे. आज चहाच्या वेळी तिने हे सांगितले मात्र, आमचे चिरंजीव उसळले.

"मोठं शिकून झालं न? मंग आता लहान काहून शिकून राहिली? सिलतऱ्याच्या प्लांटात ऑफिसची जागा आहे. उद्या जाय."

"पापा, मुझे छोटे बच्चों को ही पढ़ाना है."

"त्यांले कोनी बी शिकवते."

रेवाने माझ्याकडे पाहिले. जन्मभर मी इतरांची वाक्ये दुरुस्त केली. आज माझे एकही वाक्य पूर्ण झाले नाही. दोन वर्षांचे आश्वासन मी कशाच्या बळावर द्यावे? तेवढी माझ्याजवळ तरी आहेत काय?

"हव, पापा," ती म्हणाली आणि उद्याच्या कपड्यांना इस्त्री करू लागली.

घड्याळाचे काटे मी शाळेच्या वेळेवर, दहावर, लावून पाहिले. टाचणी सैल आहे. हात काढताच दोन्ही काटे खाली लोंबले.