आजीच्या फोनवर येणारा नंबर

खटकचिंचोळी,
नागपंचमीचा दुसरा दिवस, सकाळ.

चि. हरिओम,

आजीचा आशीर्वाद. खरं तर तो तुझ्यावर खर्च करावा असं वाटंना, पण कागदाच्या सुरवातीला लागतो म्हणून लिहिला. इकडं सगळे बरे हायत. पाऊस बेताचा, तूर बरी. तुझा बाप डेअरीत दूध घालून आत्ताच आला, आल्या आल्या चहा मागायलाय.

फोन न करता लिहायलेय, कारण फोनवर तू मधीच "आजी, मीटिंग हाय" म्हणून ठेवतोस. चौथीपातूरची अक्षरं हायत, चुकलं तर सुधारून वाच. तुम्हाला दुसऱ्याच्या चुका काढायची लई हौस.

परवा संगमेश्वर आलता. तुझ्यासंगं कलबुर्गीच्या कॉलेजात होता, तुमच्या कीबोर्डाच्या कामात बी हाय, तोच. बसनं आला, घामानं भिजलेला. मी म्हणलं, "का रे, माझ्या नातवाचं नाव सांगून काय विकायला आलास?"

"काय न्हाई अज्जी, बोलायचं हाय."

फोनवर मराठी आन् कन्नड दोन्ही लिहायचा कीबोर्ड तुम्ही पोरांनी केलात, फुकट वाटलात, कुणीबी उघडून बघावं, सुधारावं, एवढं मला ठाऊक होतं. "आजी, मी सर्व्हर चालवतो" म्हणून तू सांगायचास, आन् मी येडी गावभर सांगत फिरले, नातू कायतरी मोठं चालवतो. परवा कळलं काय चालवतोस. कुणी दुरुस्ती पाठवली की कुठल्या तरी कंपनीच्या लांबच्या मशिनी ती आधी तपासतात. बरी असली तर हिरवी खूण, बिघडलेली असली तर लाल. हिरवी तेवढीच आत घ्यायची. म्हंजे डेअरीत करतात तेच की रे! दुधात पाणी निघालं तर कॅन परत. डेअरीतला भीमण्णा ते रोज करतो, आन् तुझ्यासारखा गळ्याला टाय बांधून फोटो काढत न्हाई.

तर तुझीच दुरुस्ती लाल निघाली. आत घ्यायची किल्ली तुझ्याकडं, म्हणून तू ती तशीच आत ढकललीस. सकाळी निम्म्या लोकांचा कीबोर्ड उघडंना. संगमेश्वरनं चौघांत चूक दाखवली, तर तू रुसून निघालास. निघालास ते निघालास, जाताना त्या मशिनींची किल्ली बी आपल्याजवळच ठेवलीस. चेअरमनचं दूध बिनतपासता ओतलं म्हणून तुझा बाप डेअरीत एकटा भांडला होता. त्याच्या पोटी हे निघालं.

मशिनी कंपनीनं तुम्हाला फुकट वापरायला दिल्यात, आन् वर्षातून एकदा ती विचारती, अजून लागतात का? व्हय म्हणायला तिच्याकडच्या तुमच्या खात्यात शिरावं लागतंय. पासवर्ड त्या पोरांकडं हाय, पण त्याच्यावर दर वेळी एक नवा नंबर लागतो, तो येतो माझ्या फोनवर. कॉलेजात तुझं सिम सारखं बदलायचं, म्हणून आजीचा नंबर घालून ठेवलास, तो आजपातूर तसाच. मुदत परवा संपायची होती. मग मशिनी बंद. मग बरं-वाईट कोण तपासणार, आन् काम कितीक दिवस टिकणार?

हे तुला ठाऊक होतं. म्हणून तर फोन केलतास. "आजी, संगम्या आला तर नंबर देऊ नको. मरू दे त्यांचं." मी बरं म्हणलं.

संगमेश्वरला म्हणलं, "बँकेतला साहेब सांगतो, नंबर कुणाला देऊ नका. तुला कामून देऊ?"

"बरोबर सांगतो अज्जी. तुमची मर्जी असली तरच."

एवढंच बोलला. भाकरी न् शेंगाची चटणी वाढली, खाल्ली. दोनदा खोदून बघितलं, तुझ्याबद्दल वाईट शब्द बोलला न्हाई. तुझ्या तोंडून त्याच्याबद्दल किती ऐकलं, ते मलाच ठाऊक.

मग म्हणलं, लाव तुझं. त्यानं कॉम्पुटर उघडून काय दाबलं, माझा फोन वाजला. मी चष्मा लावला आन् एकेक आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. तुझा बाप दारात उभारला होता. त्यानं अडवलं न्हाई.

काम झाल्यावर पोरगं म्हणलं, "अज्जी, आता तुमचा नंबर काढून आमचा घालू का? तुम्हाला तरास नको."

मी आधी चष्मा पदरानं पुसला. मग म्हणलं, काढ.

वेळ कामून लावला तेबी सांगते, न्हाई तर तू म्हणशील म्हातारी भ्याली. इतक्या वर्षांत तुझे जेवढे फोन आले, त्या नंबरासाठी आले. "आजी, आला का? वाच." वाचला की "ठेवतो." चष्मा गळ्यात असायचा, तरी मी सापडंना म्हणायची. दोनदा त्या नंबराची वेळ टळून गेली, तू वरडलास आन् परत मागवलास. तेवढंच बोलणं लांबायचं.

तुझ्यासाठी दार बंद केलं न्हाई म्हणला संगमेश्वर. दुरुस्ती पाठव, मशिनीनं हिरवी म्हणली तर आत. सगळ्यांसारखी.

माझ्या फोनवर मात्र तुझ्या कामाचं आता काही येणार न्हाई. इथून पुढं फोन केलास तर कामाबिगर करावा लागंल. जमतंय का बघ.

राजूबाई,
आप्पारावची आई