दौलतराव राऊत नावाचं पान

कामरगाव,
१९ जानेवारी

प्रिय उज्ज्वला,

हे 'प्रिय' लिहायले मले सात वर्षं अन् दोन कागद लागले, म्हणून तिथं अडू नको, पुढं वाच. अक्षर वाकडं दिसंल. मी म्हातारा झालो म्हणून नाही, खुशीत घाईनं लिहून राह्यलो म्हणून. आज सकाळी अशी गोष्ट झाली पोरी, की मी मळ्यातून बिनचपलीचा घरापर्यंत पळत आलो, अन् मले पान लागलं असं समजून तुह्या आईनं शेजारच्या ललिताबाईले हाका मारल्या. साप नाही अन् काही नाही. मोबाईलवर तो मराठी ज्ञानकोश आहे ना, जो कोणीबी लिहू शकते अन् सारं जग फुकटात वाचते, त्याच्यात आज माह्या नावाचं पान आलं! 'दौलतराव राऊत', वर मोठ्या ठळक अक्षरात, अन् खाली बारा ओळी. ते पान राह्यते का जाते ते उद्या संध्याकाळपर्यंत ठरणार आहे. माहा सारा जीव त्याच्यात अडकला, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

तुले वाटंल, हा वांगेवाला अन् ज्ञानकोश, काय संबंध? दोन वर्षांमागं मी फवारणी पंपाचा वायसर आणायले कारंज्याले गेलो होतो. दुकान उघडायचं होतं, ऊन भल्लं होतं, समोरच्या वाचनालयात पंखा दिसला म्हणून आत जाऊन बसलो. आत शिबिर चालू होतं, मराठीतून ज्ञानकोशात कसं लिहावं ह्याचं. वायसर राह्यला बाजूले, मी पाच वाजेपर्यंत हललो नाही. घरी आलो अन् आपल्या काटेरी हिरव्या वांग्यावर पान लिहिलं. लिहिलं म्हणजे काय, बियाण्याच्या माहितीपत्रकातून अक्षर न् अक्षर उतरवलं. अकरा मिनिटांत त्याच्यावर लाल पाटी लागली, की हा मजकूर दुसरीकडून जसाच्या तसा उचलला आहे, हे पान लवकरच काढण्यात येईल. मी असा भडकलो, काय सांगू! छापलेलं आहे म्हणजे सरकारी, अन् सरकारी म्हणजे सगळ्यांचं, एवढं साधं कळत नाही का ह्याइले? पानाच्या मागं चर्चेचं पान असते, तिथं मी ज्वारीच्या कणसावरून पाखरं हाकलावी तशी बोंब ठोकली. तिकडून सुचिता नावाच्या बाईनं उत्तर दिलं. ती तिथली प्रचालक, म्हणजे पान काढायचा हक्क असलेली. कुठली आहे, किती वयाची आहे, मले आजवर ठाऊक नाही. तिनं न चिडता मले पानं लवकर काढायच्या नियमांची यादी पाठवली. मी ती तीनदा वाचली, पण भांडायले जागाच सापडंना.

मंग काय, मलेच त्याचं याड लागलं. रोज सकाळी पाणी सोडलं की बांधावर बसून नवी पानं पाहतो. कोणी नुसतं 'हाय' लिहून पान बनवून ठेवते. कोणी क्लासची जाहिरात टाकते, शंभर टक्के निकालाची हमी अन् खाली फोन नंबर. कोणी शेजाऱ्याले शिव्या देते. एकानं तर भावी सरपंच म्हणून स्वतःचंच पान केलं होतं, निवडणुकीले अजून दीड वर्ष होतं! असल्या पानांवर काढायची पाटी लावायची अन् कारण लिहायचं. काढायचा हक्क मले नाही, पाटी लावायचा सगळ्यांले आहे. चहावाल्या गोविंदसिंगनं आपल्या टपरीवर पान केलं, 'विदर्भातील अग्रगण्य', तर त्याच्यावर बी लावली. पंधरा दिवस त्यानं मले चहा दिला नाही. तुही आई म्हणे, तुमाले गावात दुश्मन कमी पडले होते म्हणून आता मोबाईलवर करून राह्यले का?

पण एक चूक माह्याकडून झाली, अन् ती सांगायलेच पाह्यजे. किन्हीराजावर कोणीतरी पान केलं होतं, एक ओळीचं. हे मालेगाव तालुक्यातलं गाव आहे, बस. म्या म्हटलं हे काय पान झालं, अन् ठोकली पाटी. सुचिताताईनं ती पाटी काढली अन् मले लिहिलं, की राऊतजी, लहान आहे म्हणून पान काढत नसतात. खोटं असेल, चोरलेलं असेल, जाहिरात असेल, तर लवकर काढा. जे नुसतं अपुरं आहे त्याला वेळ द्या, लिहिणाऱ्याला विचारा. मले दिवसभर जेवण गेलं नाही. वांग्याचा बियाण्याचा प्लॉट मी आयुष्यभर सांभाळला, भेसळीचं झाड फुलावर यायच्या आत उपटावं लागते हे मले कोणी शिकवायची गरज नाही. पण उपटायच्या आधी पान उलटून पाहावं, हे बी माह्या बापानंच शिकवलं होतं, अन् मी घाईनं माणसाच्या अंगावर जातो ही माही जुनी खोड आहे. तुले ती चांगली ठाऊक आहे.

आता आजचं ऐक. सकाळी आठच्या सुमारास यादी पाहून राह्यलो होतो, तर माहंच नाव. पहिले वाटलं, गोविंदसिंगनं बदला घेतला. उघडलं. 'दौलतराव राऊत हे वाशिम जिल्ह्यातील कामरगाव येथील भाजीपाला उत्पादक असून त्यांनी स्थानिक काटेरी हिरव्या वांग्याचे वाण जतन केले आहे.' बाप्पा! कसं शुद्ध, जसं कोणी मोठ्या माणसाबद्दल लिहावं. मंग आलं, की पहिल्या तोड्याचं बी ते कधीच धरत नाहीत. मंग आलं, की मागेल त्या शेतकऱ्याला ते बी देतात, पण आधी त्याच्या हातची भाकर खाऊन पाहतात, कारण ज्याला भाकर नीट भाजता येत नाही त्याच्याकडे रोप जगत नाही असं त्यांचं मत आहे. मी बांधावर एकटाच मोठ्यानं हसलो. अन् मंग ती ओळ आली. 'कामरगावच्या आठवडी बाजारात खराब वांगी टोपल्यात वर आणि चांगली खाली मांडणारे विक्रेते म्हणून ते ओळखले जातात.' ओळखले जातात! कोणाकडून, उज्ज्वला? गिऱ्हाईक तर वरची वांगी पाहून पुढं निघून जायचं. खराब माल पहिले दाखवावा अन् त्याच्यावर बी जो थांबंल त्याले चांगला द्यावा, हे येड्यासारखं गणित त्या टोपल्यामागं दोघंच जाणत होते. एक मी, अन् एक दोन वेण्यांची पोट्टी, जी सुटीच्या दिवशी माह्याजवळ तागडी धरून बसायची अन् म्हणायची, बाबा, काहून स्वतःचं नुकसान करून घेऊन राह्यले?

तिथून मी जो पळालो ते घरी. तुह्या आईले वाचून दाखवलं. तिनं पदर डोळ्याले लावला अन् मंग कबूल केलं, की तू फोनवर जन्मतारीख विचारली होती म्हणून. तुमी दोघी दर रविवारी बोलता हे मले पाच वर्षांपासून ठाऊक आहे, तिले वाटते मी मागच्या खोलीत झोपलो असतो. मी कधी टोकलं नाही. टोकायची हिंमत होती, विचारायची नव्हती.

आज मी ते पान अकरा वेळा वाचलं. धीरज पुण्याहून फोनवर म्हणे, बाबा, फोटो काढून स्टेटसले ठेवा. गोविंदसिंगनं स्वतः चहा आणून दिला अन् म्हणे, राऊत, आता तुमी बी अग्रगण्य. मी त्याच्यासोबत हसलो, पण चहा अर्धाच ठेवला. कारण नियम मले पाठ आहेत ना, माणसाबद्दल दुसरीकडं छापून आलेलं पाह्यजे अन् लिहिणारा घरचा नको! पेपरात माह्यावर कधी दोन ओळी आल्या नाहीत. कोण्या पुस्तकात नाव नाही, पुरस्कार नाही. लिहिणारी सख्खी पोरगी. अन् त्या वाणाचं म्हणशील तर ते माह्या आज्यानं आणलं, मी फक्त बी मरू दिलं नाही. हेच पान दुसऱ्या कोण्या दौलतरावाचं असतं तर मी एका मिनिटात पाटी ठोकली असती अन् भाजी निवडायले गेलो असतो. मी गप राह्यलो असतो तर कदाचित कोणाचं लक्ष गेलं बी नसतं. दुपारपर्यंत मी गपच राह्यलो. मनातून वाटे, राहू द्या ना, एवढं एक!

मंग बाराव्यांदा वाचलं तेव्हा उजव्या बाजूच्या चौकटीकडं नीट पाह्यलं. जन्म, गाव, व्यवसाय. पत्नी, हौसाबाई. अपत्ये, एक. धीरज.

तू स्वतःले लिहिलंच नाहीस. बारा ओळींत बापाचं एवढं केलं, अन् तू कुठंच नाहीस. मी समजलो. सात वर्षांमागं ओट्यावर उभं राहून तू सतीशचं नाव घेतलं, इंद्रभानचा सतीश, अन् मी म्हटलं होतं, आजपासून मले एकच लेकरू आहे. सारा मोहल्ला ऐकून राह्यला होता. इंद्रभान अन् मी चौथीपर्यंत एका बाकावर बसलो, त्याच्या डब्यातलं खाल्लं, अन् त्याच्या पोराचं नाव आलं तर मी माणूस पाह्यला नाही, जात पाह्यली. ती माही लाज आहे, तुही नाही अन् सतीशची तर मुळीच नाही. तुले वाटलं असंल, बाबा नियमाचा माणूस आहे, त्यानं जे सांगितलं तेच चौकटीत लिहावं. अगं, तो नियम नव्हता. तो राग होता, अन् राग उतरल्यावर त्याले अहंकारानं धरून ठेवलं.

स्वतःच्या पानाले स्वतः हात लावू नये, असा बी एक नियम आहे. तो मी आज मोडला. चौकट उघडली, एक खोडून दोन केलं, अन् लिहिलं, उज्ज्वला, धीरज. वयाप्रमाणं तू पहिली. खाली बदलाचं कारण लिहायची जागा असते, तिथं लिहिलं, 'चुकीची माहिती दुरुस्त केली.' अन् जतन केलं. सुचिताताई रागावली तर रागावू दे. मंग पाच मिनिटं ते तसंच पाहत बसलो, तुह्या आईले बी दाखवलं, अन् त्याच्यानंतर पानाच्या वर काढायची पाटी मीच लावली. कारण लिहिलं, की संदर्भ नाही, उल्लेखनीयता नाही. हात जड झाला होता पोरी, खोटं काहून सांगू. पण इतक्या लोकांची पानं ह्याच हातानं काढायले लावली, तर आपलं ठेवून त्याइच्यासमोर कोण्या तोंडानं बसू? सारा मजकूर मी वहीत उतरवून घेतला आहे. आता ह्याले कोणी नक्कल म्हणत असंल तर म्हणो.

तुहा पत्ता तुह्या आईकडं होताच. मोहनसिंगची जीप सकाळी अमरावतीले जाते, त्याच्या हाती हे पत्र देतो, म्हणजे उद्या संध्याकाळी सुचिताताईनं पाट्या लागलेली पानं पाहायच्या आत तुले मिळंल. फोन काहून केला नाही, ते आता सांगतो. पानावर पाटी लावली की ज्यानं ते पान केलं त्याले कळवावं लागते, का काढून राह्यलो ते सांगावं लागते, अन् त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागते. त्याच्यासाठी तयार मजकूर असते, एक बटन दाबलं की जाते. ते मी दाबलं नाही. हे पत्र म्हणजे ते कळवणं आहे. सात वर्षांमागं मी तुले घरातून काढलं तेव्हा कळवलं नव्हतं, मुदत दिली नव्हती, तुह्या तोंडून एक शब्द ऐकला नव्हता. उद्या ते पान गेलं की माही दुरुस्ती बी त्याच्यासंगं जाईल, कोणाले दिसणार नाही, म्हणून इथं शाईनं लिहून देतो की मले दोन लेकरं आहेत अन् थोरलीचं नाव उज्ज्वला आहे. माही चूक झाली. आता तुले जी हरकत घ्यायची असंल ती घे, पानाबद्दल घे, माह्याबद्दल घे, सात वर्षांची घे. पण फोनवर नको. जावईबापूंले संगं घेऊन घरी ये, अन् माह्यासमोर बसून घे.

वाट पाहून राह्यलेला,
तुहाच बाप
दौलतराव