परतणं लांबलं

मंगळवार, संध्याकाळ. शेंदूरजनाघाट

अंतराळ स्थानकावर अडकलेल्या त्या दोघा अंतराळवीरांचं परतणं पुन्हा लांबलं. यानात बिघाड आहे म्हणे. बातमी ऐकून हे अंथरुणावरूनच म्हणाले, "मंग थे दिवसभर करतेत तरी काय?" मांडीचं हाड मोडल्यापासून चार महिन्यांत यांनी काही विचारलंच नव्हतं.

"पायातली ताकद जाऊ नये म्हून रोज दोन घंटे कसरत करतेत."

"कधी येतीन हे मालूम नसतानी?"

"हो."

मग म्हणाले, "वॉकर आन."

दारापर्यंत सात पावलं. पाय थरथरत होते. हात लावू की नको? विचारलं, "धरू का तुमाले?"

"राहू दे."

मागेच उभी राहिले. हे इतके उंच आहेत, विसरूनच गेले होते मी.